विळ्या-भोपळ्याचं सख्य

लँथॅनम हा चांदीसारखा दिसणारा मऊ धातू. निरपेक्ष शून्याच्या वर पाच-सहा अंशांपर्यंत तो थंड केला की त्याचा विद्युतरोध पार नाहीसा होतो, धातू अतिवाहक होतो. १९५८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बर्न्ड मॅथियास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या लँथॅनममध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं चिमूट चिमूट मिसळून पाहिली. गॅडोलिनियमनं सगळ्यांत जास्त नासाडी केली. शंभर अणूंत एक अणू गॅडोलिनियमचा आला, की अतिवाहकता जवळजवळ संपलीच. दुधात मिठाचा खडा पडावा तसं. कोणतं मूलद्रव्य किती घात करतं याचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की ज्याच्या अणूचा स्पिन (इलेक्ट्रॉनांची अंगभूत गिरकी, जिच्यातून चुंबकत्व येतं) मोठा त्याचा घाव मोठा.

या घावाचं कारण वर्षभर आधीच हाताशी आलं होतं. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी अतिवाहकतेचा सिद्धांत मांडला होता. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात हे आपण शाळेत शिकतो. पण स्फटिकातून जाणारा इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या धनभारित अणूंना किंचित स्वतःकडे ओढतो. तो पुढे निघून गेला तरी ती ओढ क्षणभर मागे उरते आणि तिच्याकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. अशा जोड्या जमल्या आणि साऱ्या जोड्या एका तालात चालू लागल्या, की रोध उरत नाही. मात्र जोडीतल्या दोघांचे स्पिन एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असावे लागतात. वाटेत चुंबकीय अणू भेटला की तो एकाचा स्पिन उलटवतो आणि जोडी फुटते. १९६० मध्ये अब्रिकोसोव्ह आणि गॉर्कोव्ह या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी या फुटीचं गणितही बसवून दिलं.

अतिवाहकता आणि चुंबकत्व यांचं नातं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, हे तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनावर ठसलं. पुढच्या प्रयोगांनी तो ठसा आणखी खोल केला. १९७१ मध्ये ग्योटिंगेनला लँथॅनम-अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगात शेकडा एकाहूनही कमी सिरियम घातलं, तेव्हा ते थंड होताना आधी अतिवाहक झालं आणि आणखी थंड केल्यावर पुन्हा साधा धातू होऊन बसलं. १९७७ मध्ये अर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांच्या संयुगात ८.७ केल्विनला आलेली अतिवाहकता ०.९ केल्विनच्या सुमाराला, लोहचुंबकत्व प्रकट होताच, निघून गेली. एक घरात शिरला की दुसरा बाहेर.

हे वैर संपलं ते भट्टीतून निघालेल्या लहानशा करड्या गोळ्यांमध्ये. सिद्धांत मागून आला. म्हणून ही हकीकत मी सॅम्पलच्या बाजूनं सांगणार आहे. (मराठीत नमुना असा चांगला शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळे सॅम्पलच म्हणतात.)

त्याआधी जड इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते सांगायला हवं. सिरियम, युरेनियम यांच्या अणूत आतल्या एफ कक्षेत काही इलेक्ट्रॉन दडून बसलेले असतात. खोलीच्या तापमानाला त्यांच्यामुळे प्रत्येक अणू इवल्या चुंबकासारखा वागतो. धातू थंड होऊ लागला, की धातूत मोकळे हिंडणारे इलेक्ट्रॉन या इवल्या चुंबकांभोवती गुंतत जातात आणि त्यांचं चुंबकत्व झाकून टाकतात. या गुंत्याकडे नेणारं पहिलं गणित जपानच्या जुन कोंडो यांनी १९६४ मध्ये केलं, म्हणून त्याला कोंडो परिणाम म्हणतात. चुंबकीय अणू एखाददुसराच असेल तर गोष्ट तिथंच थांबते. पण स्फटिकाच्या घराघरात ओळीनं सिरियम बसलेलं असेल, तर मोकळ्या इलेक्ट्रॉनची चालच बदलते. चिखलणी केलेल्या भातखाचरातून चालणाऱ्याच्या पायाला दर पावलाला चिखल चिकटतो. माणूस तोच, पण पाय मणामणाचे. तसा हा इलेक्ट्रॉन आपल्या मूळ वजनाच्या शेकडो पट जड असल्यासारखा वागू लागतो.

हा जडपणा मोजायचा तर धातूची विशिष्ट उष्मा मोजतात, म्हणजे त्याचं तापमान वाढवायला किती उष्णता द्यावी लागते ते पाहतात. १९७५ मध्ये बेल प्रयोगशाळेत आंद्रेस, ग्रेबनर आणि ओट यांनी सिरियम-अ‍ॅल्युमिनियमच्या एका संयुगाची ही मोजणी अतिशीत तापमानाला केली. इलेक्ट्रॉनच्या वाट्याच्या उष्णतेचा जो गुणांक तांब्यात ०.७ भरतो, तो इथं १६२० भरला. दोन हजार पटींहून जास्त. जड इलेक्ट्रॉनांच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण या आकड्यापासून करतात.

त्याच वर्षी, त्याच बेल प्रयोगशाळेतल्या अर्न्स्ट बुखर आणि सहकाऱ्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आली होती. बेरिलियमची अनेक संयुगं ते एकामागून एक तपासत होते. एका युरेनियममागे तेरा बेरिलियम अशा संयुगात त्यांना ०.९७ केल्विनला अतिवाहकता दिसली. जोरदार चुंबकीय क्षेत्र लावूनही ती फारशी हटली नाही. युरेनियमसारखा चुंबकीय अणू गच्च भरलेल्या स्फटिकात अतिवाहकता कशी असेल? सॅम्पलमध्ये शुद्ध युरेनियमचे सूक्ष्म तंतू साकळले असावेत आणि ही अतिवाहकता त्यांची असावी, असा निष्कर्ष त्यांनी छापला आणि ते पुढच्या संयुगाकडे वळले.

या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. सॅम्पलमध्ये परकं द्रव्य राहून जाणं ही रोजची गोष्ट आहे आणि सावध संशोधकानं आधी त्याचाच संशय घ्यावा. त्यांनी ज्ञात गोष्टींना धरून निर्णय केला. नेमक्या त्या ज्ञात गोष्टी अपुऱ्या होत्या. दार उघडं होतं, आतला दिवा दिसत होता, पण तो शेजारच्या घरातला असणार असं समजून माणसं पुढे गेली.

दुसऱ्या दाराशी एक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ उभा राहिला. फ्रांत्स स्टेग्लिश यांचा जन्म १९४१चा, ड्रेस्डेनचा. शिक्षण ग्योटिंगेनला, पुढचं काम कोलोनला आणि १९७८ पासून डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात. कोंडो परिणाम आणि अतिवाहकता यांचं भांडण हाच त्यांचा अभ्यासविषय, त्यामुळे वैऱ्याची पुरती ओळख असलेला हा माणूस होता. एक भाग सिरियम, दोन भाग तांबं, दोन भाग सिलिकॉन असं एक संयुग त्यांच्या गटानं अभ्यासाला घेतलं. अर्ध्या केल्विनच्या आसपास त्याचा रोध नाहीसा झाला.

आता खरा प्रश्न. ही अतिवाहकता सॅम्पलची की सॅम्पलमधल्या घाणीची? बुखर यांच्यासमोर उभा होता तोच प्रश्न. स्टेग्लिश यांच्या गटानं त्याला दोन बाजूंनी घेरलं.

पहिली बाजू विशिष्ट उष्मेची. धातू अतिवाहक होताना त्याची विशिष्ट उष्मा एकदम उडी घेते, आणि उडीची उंची जोड्या जमवणारे इलेक्ट्रॉन किती जड आहेत यावर ठरते. सॅम्पलच्या कोपऱ्यातले चार तंतू अतिवाहक झाले असते तर जड इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड उष्णतेत उडी दिसलीसुद्धा नसती. इथं उडी त्या प्रचंड उष्णतेच्याच तोलाची निघाली. म्हणजे चिखलानं जड झालेले तेच इलेक्ट्रॉन जोड्या बांधत होते.

दुसरी बाजू मला अधिक सुंदर वाटते. त्यांनी सिरियम काढून त्याच्या जागी लँथॅनम घातलं. दोघांची रसायनं जवळजवळ सारखी, स्फटिकाची रचना तीच. फरक एवढाच, की लँथॅनमकडे तो एफ कक्षेतला इलेक्ट्रॉन नाही, म्हणजे चुंबकत्व नाही. हे संयुग अतिवाहक झालं नाही. मॅथियास यांच्या प्रयोगाची ही तंतोतंत उलटी बाजू होती. तिथं निरोगी लँथॅनममध्ये चुंबकीय अणू घातला आणि अतिवाहकता गेली. इथं चुंबकीय अणू काढून लँथॅनम घातलं आणि अतिवाहकता गेली. एकवीस वर्षांत तोच धातू साक्षीला आला आणि त्यानं साक्ष फिरवली.

१९७९च्या डिसेंबरात हा शोधनिबंध छापून आला. स्वागत थंडच झालं. जगात इतरत्र लोकांनी हे संयुग बनवलं, तर काहींचं अतिवाहक होईना. एकाच गटाच्या दोन सॅम्पलचंही एकमेकांशी पटेना. अतिवाहकता खरी असेल तर ती अशी लपंडाव का खेळेल?

याचं उत्तर भट्टीजवळ होतं. असली संयुगं बनवताना मूलद्रव्यांचे तुकडे तोलून, पाण्यानं गार ठेवलेल्या तांब्याच्या तबकडीवर मांडतात. हवा काढून आर्गॉन वायू भरतात आणि वरून विजेची ठिणगी पाडतात. डोळे दिपवणाऱ्या उजेडात तुकडे वितळून एका थेंबात मिसळतात. थेंब थिजला की बटणासारखा गोळा होतो. तो उलटा करायचा, पुन्हा वितळवायचा, पुन्हा उलटा करायचा, म्हणजे घटक सारखे पसरतात. नंतर तो बंद नळीत घालून दिवसचे दिवस तापवून मुरवायचा. या सगळ्यात तांब्याचा कणभर अंश उडून जातो किंवा कणभर जास्त पडतो. आणि या संयुगात सगळा खेळ त्या कणभर तांब्याचा निघाला. तांबं किंचित जास्त झालं की सॅम्पल अतिवाहक होतं. किंचित कमी पडलं की तेच सॅम्पल चुंबकीय शिस्त धरतं, शेजारशेजारच्या अणूंचे स्पिन उलटसुलट मांडून बसतं. बरोबर मधल्या मापाला दोन्ही अवस्था एकमेकींशी झगडतात. हे पुरतं उलगडायला बरीच वर्षं गेली, पण १९८४ पर्यंत चांगले एकसंध स्फटिक वाढवता आले आणि त्यांत अतिवाहकता दिसली, तेव्हा शंका विरली. ज्या लहरीपणामुळे लोकांनी या संयुगावर अविश्वास दाखवला, त्या लहरीपणातच मुख्य बातमी होती: ही अतिवाहकता चुंबकत्वाच्या उंबरठ्यावर राहते.

दरम्यान बेरिलियमच्या त्या जुन्या संयुगाला न्याय मिळाला होता. १९८३ मध्ये झुरिकचे हान्स-रुडॉल्फ ओट, म्हणजे १९७५च्या त्या १६२० आकड्यातले ओट, आणि लॉस अ‍ॅलॅमॉसचे झॅकरी फिस्क व जेम्स स्मिथ यांनी त्याचे स्वच्छ स्फटिक घेऊन विशिष्ट उष्मा मोजली. भलीमोठी उडी. तंतूंचा प्रश्न मिटला. आठ वर्षं ही गोष्ट छापील पानावर सगळ्यांसमोर पडून होती. १९८४ मध्ये लॉस अ‍ॅलॅमॉसच्याच ग्रेगरी स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी युरेनियम-प्लॅटिनमच्या संयुगात अर्ध्या केल्विनजवळ अतिवाहकता दाखवली. या संयुगात पुढे एका ऐवजी दोन अतिवाहक अवस्था सापडल्या, केल्विनच्या शतांशांत मोजावं लागेल इतक्या अंतरानं एकीखाली एक. एकच जोडी दोन प्रकारे बांधली जाऊ शकते, हे १९५७च्या सिद्धांतात बसणारं नव्हतं.

मग जोडी बांधतं कोण? १९८६ मध्ये सिद्धांतकारांच्या दोन-तीन गटांनी एकाच सुमाराला उत्तर सुचवलं: स्वतः चुंबकत्व. सिरियमचे इवले चुंबक शिस्तीत उभे राहण्याच्या बेतात असतात पण राहत नाहीत, तेव्हा ते सतत थरथरत असतात. या थरथरीतून एक इलेक्ट्रॉन जातो आणि आपल्या स्पिनच्या जोरावर शेजारच्या जागांना उलट दिशेकडे झुकवतो. उलट स्पिनच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला शेजारची ती जागा आयती मिळते. जुन्या सिद्धांतात स्फटिकाची थरथर जे काम करत होती, ते इथं चुंबकाची थरथर करते. अट एक: दोघांनी एकाच जागेवर यायचं नाही, शेजारीच राहायचं. त्यामुळे या जोडीचा आकार सगळीकडून सारखा गोल राहत नाही. काही दिशांना ती घट्ट असते, काही दिशांना तिचं बंधन शून्य होतं. मोडता घालणारा म्हणून ज्याला हाकलत होते, तोच सोयरीक जुळवणारा निघाला, असा हा प्रस्ताव होता.

पण त्याच वर्षी बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमध्ये उच्च तापमानाची अतिवाहकता शोधली, आणि सगळं जग तिकडे धावलं. अर्ध्या केल्विनवर काम करणारी मंडळी मागे राहिली. त्यांनी काम सोडलं नाही, याचं मला मोल वाटतं. डार्मश्टाटला १९९१ मध्ये ख्रिस्टोफ गायबेल आणि स्टेग्लिश यांच्या गटानं युरेनियम, पॅलॅडियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं संयुग आणलं. ते १४ केल्विनला पुरतं प्रतिलोहचुंबकीय (शेजारशेजारचे स्पिन उलटसुलट मांडलेलं) होतं आणि त्याच अवस्थेत राहून २ केल्विनला अतिवाहकही होतं. दोघं एका घरात, एकाच वेळी.

पुराव्याची सगळ्यांत नेटकी मांडणी मात्र केंब्रिजला झाली. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गिल लॉन्झॅरिच यांच्या गटानं सिरियमची दोन प्रतिलोहचुंबकीय संयुगं घेतली. दोन्ही १० केल्विनच्या आसपास चुंबकीय शिस्त धरणारी, एरवी अतिवाहकतेचा मागमूस नसलेली. त्यांच्या मिलिमीटरभर सॅम्पलला केसासारख्या तारा जोडून, जाड भिंतींच्या नळ्यात द्रवात बुडवून, त्यावर दाब चढवत नेला. दाब वाढेल तसं शिस्त धरण्याचं तापमान उतरत गेलं: आठ, पाच, तीन. हवेच्या दाबाच्या सुमारे २८ हजार पट दाबाला पॅलॅडियम असलेल्या संयुगातली चुंबकीय शिस्त शून्यावर येऊन मोडली. आणि नेमक्या त्या दाबाच्या दोन्ही अंगांना, चिंचोळ्या पट्ट्यात, ०.४ केल्विनला अतिवाहकता उभी राहिली. दाब आणखी वाढवला की तीही गेली. दुसऱ्या, इंडियम असलेल्या संयुगात तेच चित्र ०.२ केल्विनला. नील माथुर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

इथंही सॅम्पलनंच निकाल दिला. साध्या अतिवाहकाला अचुंबकीय कचऱ्याचं फारसं वावडं नसतं. या संयुगांत मात्र कोणताही कचरा चालत नव्हता. अत्यंत शुद्ध स्फटिकातच अतिवाहकता यायची. जोडीची बांधणी दिशेवर अवलंबून असेल, तर कचऱ्यावर आदळून दिशा विसरलेला इलेक्ट्रॉन जोडी टिकवू शकणार नाही. चुंबकीय थरथरीच्या सिद्धांताला हवं होतं ते असं शुद्धतेतून मिळालं.

याच दशकात आपल्या मुंबईत एक वेगळी कथा घडली, आणि ती मला बुखर यांच्या कथेचं जोडपान वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मझुमदार आणि त्यांचे सहकारी यट्रियम, निकेल आणि बोरॉनचं एक संयुग तपासत होते. पवईच्या आयआयटीचे बी. डी. पदालियाही या कामात होते. सॅम्पलमध्ये १२ केल्विनला अतिवाहकतेची क्षीण खूण दिसली. ती मुख्य संयुगाची नव्हती, हे त्यांना कळलं. बेल प्रयोगशाळेत जे चुकून गृहीत धरलं गेलं, ते इथं खरंच होतं: खूण भेसळीची होती. पण त्यांनी भेसळ म्हणून ती सोडली नाही. कोणती भेसळ, याचा माग काढला. तो नकळत शिरलेल्या कार्बनपर्यंत पोचला. कार्बन मुद्दाम घातल्यावर १९९४च्या जानेवारीत भरीव अतिवाहकतेची बातमी मुंबईहून जगाला गेली. निकेल-बोरोकार्बाइड नावाचं अख्खं कुटुंब त्यातून उभं राहिलं, आणि त्यात होल्मियम, अर्बियम घातलेली संयुगं चुंबकत्व आणि अतिवाहकता दोन्ही नांदवतात. तिथं जोडी मुख्यतः जुन्या पद्धतीनंच, स्फटिकाच्या थरथरीतून बांधली जाते. चुंबकत्व शेजारी राहतं, सोयरीक जुळवत नाही. म्हणून जड इलेक्ट्रॉनांच्या घराण्यात त्यांना बसवता येत नाही, आणि बसवू नये.

नव्या शतकात घटना भराभर आल्या. २००० मध्ये सिद्धार्थ सक्सेना आणि सहकाऱ्यांनी युरेनियम-जर्मेनियमचं संयुग दाबाखाली अतिवाहक झालेलं दाखवलं. ते लोहचुंबक होतं. शेजाऱ्यांचे स्पिन उलटसुलट असणं समजू शकतं, पण सगळे एका दिशेला असताना जोडी? तिथं जोडीतले दोन्ही स्पिन एकाच दिशेला असले पाहिजेत, म्हणजे १९५७च्या सिद्धांतातल्या नियमाच्या पुरतं उलट. ग्रनोबलच्या संशोधकांनी युरेनियम-ऱ्होडियम-जर्मेनियममध्ये तर २००५ मध्ये असं दाखवलं, की चुंबकीय क्षेत्र वाढवल्यावर गेलेली अतिवाहकता ८ टेस्लाच्या पुढे परत येते. लॉस अ‍ॅलॅमॉसला सिरियम-कोबाल्ट-इंडियममध्ये २.३ केल्विन आणि त्याच्या प्लुटोनियम-गॅलियमच्या भावंडात १८.५ केल्विनपर्यंत मजल गेली.

स्टेग्लिश १९९६ मध्ये आपल्या जन्मगावी, ड्रेस्डेनला, नव्या माक्स प्लांक संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून परतले होते. तिथल्या ऑलिव्हर श्टोकर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्या पहिल्या सिरियम-तांबं-सिलिकॉनच्या स्फटिकावर न्यूट्रॉन मारून चुंबकीय थरथर मोजली. अतिवाहक होताना या थरथरीत जी ऊर्जा वाचते, ती अतिवाहकतेला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. चुंबकत्व दलाली करतं याचा इतका सरळ जमाखर्च आधी कुणी मांडला नव्हता. आणि तीनच वर्षांनी जपानमधल्या कित्ताका यांच्या गटानं त्याच संयुगाची उष्मा आणखी खाली, केल्विनच्या काही शतांशांपर्यंत मोजली, तर ज्या दिशांना बंधन शून्य असायला हवं होतं त्यांचा पत्ताच लागेना. पस्तीस वर्षांचं जुनं सॅम्पल, आणि त्याची वही पुन्हा उघडावी लागली.

अशीच वही सध्या युरेनियम-टेल्युरियमची उघडी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याची अतिवाहकता १.६ केल्विनला सापडली, आणि सुरुवातीच्या काही स्फटिकांत एका ऐवजी दोन उड्या दिसल्या. दोन उड्यांवर मोठमोठे सिद्धांत रचले गेले. मग जपानमध्ये तोकाई इथल्या संशोधकांनी स्फटिक वाढवायची रीत बदलली. युरेनियम आणि टेल्युरियम त्यांनी वितळलेल्या मिठात, सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडच्या मिश्रणात, घातलं आणि सावकाश स्फटिक वाढू दिले. मीठ पाण्यात विरघळतं, ते धुऊन टाकलं की मागे काळे चकचकीत स्फटिक उरतात. हे स्फटिक २.१ केल्विनला अतिवाहक झाले, आणि त्यांच्यात उडी एकच होती.